राजीनाम्यानंतरची माती

तुम्हाला टोकियोला न्यायचं आहे, पण वाटेत लंडनला थांबावं लागेल. कुंभार व्हायला निघालेल्या माणसाची गोष्ट सहसा चाकापासून सुरू करतात. ही खुर्चीपासून सुरू करायला हवी. तुम्हीही आत्ता खुर्चीतच बसला आहात, आणि उठावं की नाही याचा विचार गेले कित्येक महिने करता आहात.

तर साल १९०७. हाँगकाँग अँड शांघाय बँकेची लंडनमधली कचेरी. जाड खातेवह्या, टीपकागद, शाईने माखलेली बोटं. तुम्ही कोणाला दिसत नाही, तेव्हा निवांत आत या. एका मेजावर विशीतला सडपातळ पोरगा मान खाली घालून रकाने भरतो आहे. त्याचं नाव बर्नार्ड लीच. जन्म १८८७ चा, हाँगकाँगमधला. तो जन्मला आणि आई गेली. पहिली काही वर्षं आजी-आजोबांनी त्याला जपानात वाढवलं. वडील वसाहतींमध्ये न्यायाधीश. सोळाव्या वर्षी तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकायला लागला, आणि पाठोपाठ आजारी वडिलांनी अंथरुणावरून त्याच्याकडे शब्द मागितला: बँकेत लागशील ना? १९०४ मध्ये वडील गेले. शब्द मागे उरला.

हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे कितीतरी नोकऱ्या अशाच दिलेल्या शब्दावर उभ्या असतात. म्हणून त्याच्या मेजाजवळ थोडं थांबा. दिवसभर आकड्यांत घालवून संध्याकाळी तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागोमाग चाला. त्याचं मन बँकेत नाही, हे त्याच्या चालीवरूनही कळतं. तो फार दिवस काढत नाही. नोकरी सोडतो. वडिलांच्या मागे आलेला थोडाफार पैसा हाताशी आहे. ही गोष्ट अशा कथांमधून बहुतेक वेळा गाळली जाते, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो आहे.

आणि आता नीट ऐका. खुर्चीवरून उठताना त्याच्या मनात मातीचा कणही नाही. तो पुन्हा चित्रांकडे वळतो, फ्रँक ब्रँग्विन यांच्याकडे एचिंग शिकतो. लंडनमध्ये त्याची ताकामुरा कोतारो या तरुण जपानी शिल्पकार-कवीशी दोस्ती होते. लाफकादिओ हर्नची जपानवरची पुस्तकं त्याला झपाटून टाकतात. १९०९ मध्ये एचिंगचं यंत्र जहाजावर चढवून तो जपानला निघतो. बेत असा, की तिथल्या लोकांना एचिंग शिकवायचं. राजीनामा देण्याआधी तुम्ही रोज रात्री स्वतःला विचारता, मला नक्की करायचंय तरी काय? हाच प्रश्न लीचला त्या वेळी कोणी विचारला असता तर त्याने मनापासून उत्तर दिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं. आधी त्याचे हात रिकामे झाले. त्यांत काय येऊन पडणार, हे कळायला आणखी चार वर्षं जायची होती.

चला, आता टोकियो. १८ फेब्रुवारी १९११.

थंडी आहे. एका कलावंताच्या घरी मोठ्या दालनात वीस-तीस माणसं चटयांवर बसली आहेत: चित्रकार, लेखक, नट. बूट बाहेर काढून तुम्हीही एका कडेला बसा. मधोमध कुंचले आणि रंगांच्या बशा मांडल्या आहेत. थोड्या वेळाने कच्च्या भाजणीची, बिनझिलईची भांडी आत आणली जातात आणि सांगितलं जातं, यावर हवं ते काढा, हवं ते लिहा. तासाभरात ही भांडी भाजून तुमच्या हातात मिळतील. लीचच्या शेजारी तोमिमोतो केन्किची बसला आहे. हा नाराजवळच्या आंदो गावचा, शिकला वास्तुकला, नुकताच लंडनहून परतलेला. लीच आपल्या थाळीवर पोपट रंगवतो आहे. हात चित्रकाराचा आहे, पण कोरडी भाजलेली माती रंग ओढून घेते, कागदासारखी सवलत देत नाही. एकदा टेकवलेला कुंचला मागे घेता येत नाही. तुमच्याही हातात एक वाडगा येतो. लाजू नका, एखादी रेघ तरी काढा.

ओसरीच्या पलीकडे बागेत एक माणूस बसून छोट्या, उचलून नेता येईल अशा भट्टीत कोळसा घालतो आहे. रंगवलेली भांडी शिशाच्या दाट पांढऱ्या झिलईत बुडवून भट्टीच्या माथ्यावर वाळायला ठेवली जातात. मग लांब दांड्याचा चिमटा घेऊन तो माणूस एकेक भांडं लालभडक पोकळीत सोडतो. आत साडेसातशे अंशांच्या आसपासची आग. अर्धा तास जातो. झिलई वितळून चकाकू लागते, तसा तो चिमट्याने भांडी बाहेर काढतो आणि फरशीवर ओळीने ठेवतो. विस्तवाचा लाल हळूहळू विझत जातो आणि खालून रंग वर येतात. निवताना झिलईला बारीक तडे जातात, त्यांची किणकिण ऐकू येते. थोड्या वेळात भांडं हातात घेता येतं. अजून गरम आहे. तुमची रेघ त्यावर आहे, आणि आता ती कोणालाही पुसता येणार नाही.

तुमच्या ओळखीचा आवा असा नसतो. आवा रचायचा, त्यात शेणी, लाकडं, पेंढा भरायचा, वरून राखेने लिंपायचा, रात्रभर धूर काढायचा आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही. किती पिकलं आणि किती फुटलं, हे उकरल्यावरच कळतं. इथे माती, रंग, आग आणि भांडं हा सगळा प्रवास एका दुपारच्या बैठकीत डोळ्यांपुढे होतो. याला राकू म्हणतात. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चहाच्या वाडग्यांसाठी ही रीत निघाली. लीचने पुढे लिहून ठेवलं आहे की त्याच जागी, त्याच क्षणी ही कला शिकायची ओढ त्याला लागली.

गोष्ट सांगणाऱ्याला इथेच थांबायचा मोह होतो. चमकती थाळी, भारावलेला तरुण, झालं. पण तुम्ही त्याच्याबरोबर पुढे चला. किणकिण संपल्यावर काय होतं, ते पाहिल्याशिवाय तुमचा निर्णय घेऊ नका.

लीच गुरू शोधू लागतो. शोधत शोधत तो टोकियोच्या उत्तरेकडच्या गरीब वस्तीत पोचतो. तिथे उरानो शिगेकिची नावाचे म्हातारे कुंभार आहेत. ते सहावे ओगाता केन्झान. पहिले केन्झान (१६६३ ते १७४३) म्हणजे चित्रकार ओगाता कोरिन यांचे धाकटे भाऊ. ही गादी रक्ताने नव्हे, गुरूने दिल्याने चालते. आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखी. मेइजी काळात कारखान्यांचा माल बाजारात आला आणि अशा माणसांना कोणी विचारीनासं झालं. म्हातारबुवांच्या घरात दारिद्र्य आहे, वागण्यात मात्र मार्दव आहे. तोमिमोतो दुभाष्या म्हणून बरोबर आला आहे. गुरूचं बोलणं मित्राला समजावून सांगता सांगता तोही या मातीत ओढला जातो. (वास्तुकला बाजूला राहिलेला हा तरुण पुढे जपानचा फार मोठा कुंभार होतो. १९५५ मध्ये सरकार त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवतं.)

लीच मातीचा गोळा चाकावर ठेवतो. गोळा भरकटतो. आपली नजर मात्र त्याच्यावरून काढा आणि म्हाताऱ्याकडे वळवा, कारण तुम्हाला मी खरं तर त्यांच्यासाठीच आणलं आहे.

या माणसाने काहीही सोडलेलं नाही. सोडायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. परदेशी पोरगा येतो, हाताशी पैसा आहे, परतायला वाट आहे, आणि मातीची ओढ लागली म्हणून त्याचं कौतुक होतं. म्हातारा आयुष्यभर त्याच मातीत हात घालून बसला आहे, आणि त्याला कोणी विचारत नाही. तरीही ते शिकवतात. राखून ठेवत नाहीत. लीचच्या बागेत त्याच्यासाठी भट्टी उभारून देतात, झिलईच्या कृती सांगतात, आणि पुढे त्याला आणि तोमिमोतोला आपल्या गादीचे वारस म्हणून लेखी अधिकार देतात. सातवे केन्झान.

तुम्हाला इथे तेरचे गोरोबाकाका आठवतील. त्यांनी विठ्ठलासाठी चिखल तुडवणं सोडलं नाही. संतांच्या मेळ्यात कोणाचं मडकं कच्चं राहिलं हे तपासायला त्यांच्याच हाती थापटणं दिल्याची कथा आहे, कारण ते हात रोज मडकी तपासत होते. आपल्या परंपरेत मातीची साद ऐकू यायला आधी धंदा सोडावा लागत नव्हता. आज तुम्ही कचेरी सोडून मातीकडे निघाला आहात, आणि त्याच रस्त्याने समोरून तुमच्या गावच्या कुंभाराचा मुलगा येतो आहे, माती सोडून कंपनीच्या गेटाकडे. संक्रांतीच्या सुगडांवर आणि उन्हाळ्यातल्या माठांवर वर्ष निघत नाही, हे त्याने बापाच्या घरात पाहिलं आहे. तुमच्या जाण्याला लोक धाडस म्हणतील. त्याच्या जाण्याला कोणी नाव देणार नाही. जायचं तर जा. मी तुम्हाला अडवत नाही, उलट मनापासून सांगतो, जा. पण जाताना त्याच्याशी दोन शब्द बोला. माती कुठली घेता, वाळू किती मिसळता, आव्याला वारा कुठून लागतो, हे तुम्हाला कुठल्याही कार्यशाळेत कळणार नाही इतकं त्याला ठाऊक आहे.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १९१४ नंतर लीच काही काळ पेकिंगला राहतो. परतून आबिकोला मित्र यानागी सोएत्सुच्या जागेत भट्टी बांधतो. १९१९ मध्ये भाजणीनंतर तिथली कार्यशाळा जळून खाक होते, झिलईच्या टिपणांसकट. चित्रकार कुरोदा सेइकी त्याला टोकियोच्या आझाबू भागात नवी भट्टी बांधून देतात. याच काळात चिनीमातीचं काम शिकायला टोकियोत आलेला एक तरुण शीख, गुरचरण सिंग, या मंडळींच्या वर्तुळात मिसळतो. त्याला लक्षात ठेवा. भारतातली स्टुडिओ पॉटरी पुढे त्याच्या हातून रुजते आणि १९५२ मध्ये तो दिल्ली ब्लू पॉटरी सुरू करतो.

आणि भेटतो हामादा शोजी. जन्म १८९४ चा, तंत्रशाळेत शिकलेला, क्योतोच्या महापालिकेच्या मृत्तिका संशोधन संस्थेत कावाई कान्जिरोबरोबर झिलईचे हजारो प्रयोग केलेला. त्याच्यापुढे संशोधकाची सुरक्षित वाट आहे. ती सोडून १९२० मध्ये तो लीचबरोबर इंग्लंडच्या बोटीत चढतो.

सेंट आयव्हज. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधलं मासेमारांचं गाव. वारा असा की बोलताना तोंड फिरवावं लागतं. गावाबाहेर स्टेनॅक ओढ्याकाठी ग्रॅनाइटची इमारत उभी राहते. फ्रान्सिस हॉर्न या धनिक बाईंनी इथे हस्तकलांचा संघ काढला आहे, पाठबळ त्यांचं. मुरिएल, लीचची बायको, पाच मुलांचा संसार ओढते आहे. पुढे हा संसार मोडतो. सादेची किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव वर यायला हवं, आणि राजीनाम्याचा कागद लिहिताना तुमच्या घरातलं तसं नाव कोणतं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

कुंभाराने कधी निवडू नये अशी ही जागा आहे. झाडं नाहीत, म्हणजे सरपण नाही. कॉर्नवॉलची पांढरी चिनीमाती प्रसिद्ध, पण ती एकटी चाकावर उभी राहत नाही. लवचीक माती हवी. जवळच्या सेंट अर्थहून लाल माती येते. हामादा आजूबाजूचा मुलूख पायाखाली घालतो, माती चिमटीत चोळून बघतो, नेच्यांची राख करून झिलईत घालून बघतो. प्रयोगशाळेत शिकलेला माणूस, पण त्याची प्रयोगशाळा आता डोंगरउतारावर आहे.

दोघे मिळून चढती भट्टी बांधतात. जपानी पद्धतीची अशी भट्टी पश्चिमेत ही पहिलीच. ती धड चालत नाही. १९२२ मध्ये मात्सुबायाशी त्सुरुनोसुके येतो. हा उजीच्या पिढीजात कुंभारघराण्यातला, भट्ट्यांचं शास्त्र कोळून प्यायलेला. तो तीन दालनांची नवी भट्टी उभी करतो, आणि ही मात्र पुढे पन्नास वर्षं गावाला भांडी देते.

तिच्या भाजणीच्या रात्री तुम्ही हजर राहा. बाह्या वर करा, काम आहे. उतारावर एकापुढे एक अशी दालनं. आग खालच्या तोंडाशी पेटते. तिची झळ पहिल्या दालनातून तळाच्या भोकांवाटे दुसऱ्यात शिरते, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पुढच्याचं तापणं मागच्याच्या जळण्यावर आपोआप होत राहतं. पहिलं दालन पिकलं की त्याचं तोंड बंद करायचं आणि दुसऱ्याच्या बाजूच्या भोकातून बारीक फोडलेली लाकडं आत सोडायची. सोडली की धूर काळा, मग ज्वाला भोकातून बाहेर डोकावते, मग आतलं सगळं स्वच्छ दिसू लागतं, पुन्हा लाकूड. आत साडेबाराशे अंशांच्या पुढची उष्णता हवी. ती ओळखायला मातीचे छोटे शंकू ठेवले आहेत. ते वाकले की समजायचं. डोळे चुरचुरतात, पापण्यांचे केस करपल्याचा वास येतो. मात्सुबायाशी ज्वालेच्या रंगाकडे बघत असतो. लाकूड ओलं निघालं की तापमान बसतं आणि सगळ्यांच्या पोटात खड्डा पडतो. झोप कोणालाच नाही.

निववून भट्टी उघडतात. काही भांड्यांवर राखेची झिलई अशी बसली आहे की हात फिरवत राहावं. काही वाकली आहेत, काहींची झिलई ओघळून खालच्या फळीला चिकटली आहे, काहींना चीर. तुमच्या कचेरीत महिन्याच्या शेवटी केलेल्या कामाचा पगार येतो; इथे महिनाभराचं काम एका रात्रीत आगीच्या हवाली होतं. शिवाय जे उरतं ते विकायचं असतं. उन्हाळी पाहुण्यांसाठी लीच राकूची प्रात्यक्षिकं करतो. लोक येतात, भांडी रंगवतात, तासाभरात हातात घेऊन जातात. ज्या दुपारने त्याचं आयुष्य फिरवलं, ती दुपार आता तो पोटासाठी पुन्हा पुन्हा मांडतो आहे. मला यात हार दिसत नाही. यापेक्षा प्रामाणिक कमाई दुसरी कुठली?

१९२३ मध्ये लंडनला हामादाचं प्रदर्शन होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियो परिसर भूकंपाने उद्ध्वस्त होतो, आणि हामादा मायदेशी परततो. तो राजधानीत राहत नाही. माशिको नावाच्या गावी जातो, जिथे पाण्याचे डेरे आणि स्वयंपाकाची भांडी करणारे साधे कुंभार आहेत, आणि त्यांच्यात राहून त्यांची माती, त्यांची झिलई वापरतो. सेंट आयव्हजमध्ये मायकेल कार्ड्यू येतो, ऑक्सफर्डमधून अभिजात भाषा शिकून. कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी येते, सरदार घराण्यातली. शिकलेल्या, सुखवस्तू घरांतली मुलं काहीतरी सोडून मातीत उतरत आहेत. पैसा मात्र कायम तोकडा.

१९३४ मध्ये लीच जपानच्या फेरीवर असताना त्याचा मोठा मुलगा डेव्हिड स्टोकच्या तंत्रशाळेत दाखल होतो. स्टोक म्हणजे कारखान्यांचं गाव, ज्या कारखानदारीविरुद्ध बाप उभा राहिला तिचंच माहेर. बापाला हे रुचत नाही. पण मुलगा शिकून येतो आणि १९३७ पासून पॉटरीची घडी बदलतो. भट्टीला तेलाची आग. वीज. ठरलेल्या आकारांची रोजच्या वापराची भांडी: वाडगे, मग, झाकणाची सूपपात्रं, ठरलेल्या किमतीला. हिशेब, वेळापत्रक, शिकाऊंना पगार. म्हणजे बँकेच्या त्या मेजावर लीचने जे टाकून दिलं होतं, ते तीस वर्षांनी मुलाच्या हातून घरात येतं, आणि त्यामुळेच पॉटरी तगते. १९४० मध्ये निघालेलं लीचचं ‘अ पॉटर्स बुक’ जगभर नोकऱ्या सोडू पाहणाऱ्यांच्या उशाशी जाऊन पोचतं. त्या पुस्तकामागची भट्टी मात्र जमाखर्च नीट ठेवल्यामुळे पेटती होती, हे तुम्ही स्वतः पाहिलंत.

आता शेवटचा मुक्काम, १९३८. पॉटरीच्या दारात गावातला एक पोरसवदा मुलगा उभा आहे, विल्यम मार्शल. तो काहीही सोडून आलेला नाही. त्याची ही पहिली नोकरी. त्याला माती मळायला बसवतात, मग चाकावर. तेच मग, तेच वाडगे, दिवसामागून दिवस, फळीवर ओळीने एकसारखे. त्याच्याजवळ बसा आणि त्याचे हात बघा. गोळा चाकावर पडताक्षणी मधोमध स्थिरावतो, आणि माती अशी वर चढते की जणू तिला तिकडेच जायचं होतं. बोटं कुठे थांबायची हे त्याला विचार न करता कळतं. लीचचा हात चित्रकाराचा होता आणि अखेरपर्यंत चित्रकाराचाच राहिला. चाकावरचा हात या मुलाचा. लीच म्हातारा झाल्यावर त्याच्या मोठ्या भांड्यांपैकी कित्येक मार्शल चाकावर उभी करतो. आकार लीचच्या रेखाटनातला, कुंचला लीचचा, शिक्काही लीचचाच. त्या भांड्यांपुढे लोक थबकतात तेव्हा मार्शलचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. मला ते ठाऊक असायला हवं असं तीव्रतेने वाटतं, आणि राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाला तर हवंच.

युद्धात सैन्यात गेला ती वर्षं सोडली तर मार्शल तिथेच कामाला राहतो. १९७७ मध्ये तो ती नोकरी सोडतो आणि जवळच्या लेलंट गावी स्वतःची पॉटरी काढतो.